ओतकामापासून जोडकामापर्यंत

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पुढे डोंबिवलीतही कारखाने उभे राहिले आणि पत्रा, सळई, वेल्डिंग, भंगार हे शब्द या पट्ट्यात घरोघरी पोचले. याच डोंबिवलीच्या एमआयडीसीत कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे यांचे शिल्पालय आहे. गंमत अशी की तिथली शिल्पे कारखान्यांच्या शेजारी असली, तरी घराण्याने कारखान्याची नाहीत.

साठे (1926–2021) ओतकामाच्या परंपरेतले. गेटवे ऑफ इंडियासमोरचा, 1961 साली अनावरण झालेला त्यांचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ब्राँझचा आहे. अशा कामात आधी मातीची प्रतिकृती घडवायची, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यातून पोकळ मेणाचे रूप घ्यायचे, ते मातीत लिंपून भाजायचे, आणि मेण वितळून गेले की त्या जागी धातूचा रस ओतायचा. शिल्पकाराचा हात मुख्यतः मातीवरच चालतो. धातू शेवटी येतो.

जोडकामाने हा क्रमच मोडला. स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ 1918 साली पॅरिसजवळच्या रेनॉच्या कारखान्यात वेल्डिंग शिकला. 1920च्या दशकाच्या अखेरीस त्याने पिकासोला लोखंडी शिल्पांसाठी साथ दिली. इथे साचा नाही, मेण नाही. तुकडा उचलायचा, कापायचा, दुसऱ्याला जोडायचा. ओतीव पुतळ्याला घनता असते, जोडलेल्या शिल्पात मधली मोकळी हवाही आकार होते. माणसाची हुबेहूब प्रतिमा अशा तुकड्यांतून काढणे जड जाते, म्हणून अमूर्ताकडे वळणे ओघानेच आले.

मुंबईत हे वळण ठळकपणे दिसते ते पिलू पोचखानवाला (1923–1986) यांच्या कामात. 1951च्या युरोप प्रवासात आधुनिक शिल्पे पाहून त्या या कलेकडे आल्या. धडे घेतले ना. ग. पानसरे यांच्याकडे, तेही प्रतिमाशिल्पाच्या परंपरेतले. लाकूड, शिसे, सिमेंट असे करत त्या वेल्डिंगकडे आणि भंगार पोलादाकडे वळल्या. बंदराच्या आणि गिरण्यांच्या या शहरात भंगाराला तोटा नव्हता. हाजी अली चौकात उभारलेले ‘स्पार्क’ हे त्यांचे सर्वांत परिचित काम. त्यांचे समकालीन आदी दावियरवाला (1922–1975) व्यवसायाने औषधरसायनतज्ज्ञ. त्यांनी धातूबरोबर प्लास्टिकसारखी पारदर्शक सामग्रीही हाताळली.

किनारपट्टीवर धातुशिल्पाचा खरा शत्रू गंज. ब्राँझवर हिरवट-काळसर थर चढतो आणि तो बहुधा आतल्या धातूला राखतो. साध्या पोलादावरचा तांबडा थर मात्र सुटत राहतो आणि आतला धातू खात जातो. खाऱ्या हवेत, चार महिन्यांच्या पावसात उघड्यावरच्या शिल्पाला वेळोवेळी खरवडून रंग द्यावा लागतो, किंवा मुळातच स्टेनलेस स्टील वा ॲल्युमिनियम निवडावे लागते.