मनगटाची विद्या

जंबिया चालतो तो हातभर अंतरात. तेथे पात्याहून मनगटाची पकड श्रेष्ठ होय. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडाची एक आख्यायिका आम्हांस याच दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली व गुलाब या परप्रांतीय मल्लांनी आव्हान दिले, तेव्हा बाळंभटदादा देवधरांनी गडावर अनुष्ठान केले व तेथेच त्यांस मल्लखांब स्फुरला, असे सांगतात. लाकडाचा तो मुका प्रतिस्पर्धी म्हणजे पकडीचाच गुरू. १८७८ च्या कायद्याने शस्त्रास परवाना लागला. परंतु पकडीस लागला नाही. म्हणूनच बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात जंबियाचे हात पुढेही शिकविले गेले. तेथील व्यायाम-ज्ञानकोशाने (१९३६–४९) अशा विद्या ग्रंथबद्ध केल्या. तथापि ग्रंथ वाचून मनगट घडत नाही. त्यास समोर जोडीदारच उभा लागतो, आणि तो मिळेनासा झाला की विद्या कपाटात राहते.