‘टी’ फोर्डचे ब्रेक व चाकें
१९०८ ते १९२७ या काळांत फोर्ड कारखान्यानें ‘टी’ नमुन्याच्या सुमारें दीड कोटी मोटारी बाहेर काढल्या. त्यांचा पायब्रेक चाकांना शिवतच नसे. गिअरबॉक्समधील फिरत्या ड्रमभोंवतीं तेलांत भिजलेला सुती पट्टा आवळला जाई, आणि ती पकड लांब दांड्यावाटे मागच्या चाकांस पोंचे. पट्टा झिजला कीं पॅडल तळाला टेके. दक्ष मालक झांकण उघडून पट्टा आवळी. आळशी मालक उलट गतीचें पॅडल दाबून वेळ मारून नेई! खरा धोका निराळाच होता. डिफरन्शिअलमधील बॅबिट धातूच्या चकत्यांचा भुगा झाला, कीं चक्रांचे दांते एकमेकांपासून सुटत व उतारावर पायब्रेक सपशेल निकामी होई. उरे तो हातब्रेक, आणि तो मुख्यतः उभ्या गाडीसाठीं. म्हणून जुन्या गाड्या जतन करणारे आज प्रथम तेथें काशाच्या चकत्या बसवितात.

चाकांचे आरे बहुधा हिकरी लांकडाचे. ते सुकून करकरूं लागले कीं चाक रात्रभर पाण्यांत बुडवीत. बैलगाडीवाल्यांसहि हा उपाय ठाऊक आहे. लांकूड फुगे, पण वाळतांच सांधा अधिकच सैल होई. डिसेंबर १९२७ मध्यें आलेल्या ‘ए’ नमुन्यास चारहि चाकांवर ब्रेक मिळाले.