कोयनेचे अवजल आणि अलोरे परिसरातील शेती

अलोरे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याचे गाव. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तीव्र उतारावरून ते पाणी वहाळांवाटे वाशिष्ठीला आणि तिथून दाभोळच्या खाडीला मिळते. त्यामुळे मळ्यात भात आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी अशी पावसाळी शेतीच इथे मुख्य राहिली. पावसाळ्यानंतर घेतला जाणारा वायंगणी भात किंवा भाजीपाला नदीकाठच्या आणि विहिरीच्या जमिनींपुरता मर्यादित होता.

कोकणात विहिरीचे पाणी वर काढण्याचे जुने साधन म्हणजे रहाट. बैल किंवा रेडा गोल फिरे, चाकावरची गाडग्यांची माळ विहिरीत उतरे, भरलेले गाडगे वर येऊन पन्हळीत रिते होई आणि पाटाने पाणी माड-पोफळीच्या मुळाशी जाई. जनावराच्या ताकदीवर जेवढे पाणी चढे, तेवढेच शिंपण होई.

कोयना प्रकल्पाने या भागात पाण्याचा नवा प्रवाह आणला. कोयना ही पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी धरणात अडवून बोगद्याने सह्याद्रीच्या पश्चिमेला सोडण्यात आले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहात निर्मिती सुरू झाली. पोफळीतून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी धरणात साठवून त्यावर पुन्हा वीज काढण्याचा तिसरा टप्पा अलोरे परिसरात उभा राहिला. ८० मेगावॉटचे चार संच असलेला, एकूण ३२० मेगावॉटचा हा टप्पा १९७५ ते १९७८ दरम्यान सुरू झाला. प्रकल्पाच्या वसाहतीमुळे अलोरे हे नाव राज्यभर परिचित झाले.

वीज काढून झालेल्या पाण्याला अवजल म्हणतात. कृष्णा लवादाने कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर, इतके ठरवले. हे पाणी वाशिष्ठीत येते आणि त्यातील फार मोठा भाग समुद्राला मिळतो. कारणे दोन. कोयनेची वीज मुख्यतः मागणीच्या ऐन वेळी लागते, म्हणून प्रवाह दिवसभर सारखा नसतो. शिवाय नदी खोलात आणि शेते टप्प्याटप्प्याने वर असल्यामुळे पाणी उचलावे लागते. म्हणजे पाणी दाराशी असूनही शेतीसाठी प्रश्न उरतो तो उपशाचा आणि साठवणुकीचा.

विजेच्या पंपाने रहाटाची जागा घेतली, पण वाडीपासून दूरच्या डोंगरउतारावर वीजवाहिनी नेणे खर्चाचे पडते आणि पावसाळी वाऱ्यात ती वारंवार तुटते. अशा ठिकाणी सौरपंप उपयोगी ठरतो. राज्यात २०१८-१९ पासून मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना, २०१९ मध्ये जाहीर झालेली केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना राबवली गेली. शेवटच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे.

कोकणच्या हवामानाशी या साधनाचा मेळ चांगला बसतो. ढगाळ पावसाळ्यात सिंचनाची गरज नसते. ऑक्टोबर ते मे या काळात पाणी हवे असते आणि तेव्हाच आकाश निरभ्र असते. दिवसा पाणी चढवून उंचावरच्या टाकीत साठवले की बॅटरीचीही गरज भासत नाही; संध्याकाळी ते उताराने ठिबक नळ्यांतून कलमांना आणि भाजीला देता येते. वाशिष्ठीच्या खोऱ्यात पडत्या पाण्यावर वीज तयार झाली, त्याला साठ वर्षे उलटली. तेच पाणी सूर्याच्या बळावर पुन्हा वरच्या शेतात चढवणे, हे इथल्या शेतीचे पुढचे पाऊल आहे.