अंबरपेठच्या दुकानातलं तेल येतं कुठून? बियाणं शेजारचं, तेल मात्र बंदरावरचं

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेला अंबरपेठ आहे. लागूनच काचीगुडा स्टेशन. निजामाच्या काळातली काचीगुडा-मनमाड रेल्वेलाइन परभणी, नांदेडवरून जाते. मराठवाड्याचा कापूस आणि तेलबिया बाहेर काढायला ती फार कामी आली. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे काचीगुडा, बरकतपुरा, अंबरपेठ या पट्ट्यात आपल्याकडून गेलेली कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांच्या जुन्या स्वयंपाकघरात करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल असायचं. आज तिथल्या किराणा दुकानात मिळतं ते पाम, सूर्यफूल आणि सोयाबीनचं पाकीट. यातलं बरंचसं तेल जहाजानं येतं आणि काकिनाडा, कृष्णपट्टणम अशा बंदरांजवळच्या रिफायनऱ्यांतून पुढे हैदराबादला पोचतं.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी साधारण 57 टक्के तेल आयात होतं, वर्षाला 150 ते 160 लाख टनांच्या घरात. पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून येतं. म्हणूनच फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि पाठोपाठ एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा आपल्या गल्लीतल्या भज्यांचा भाव वाढला.

हे नेहमीच असं नव्हतं

1986 साली केंद्रानं तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. तेलबियांचं उत्पादन सहा-सात वर्षांत जवळपास दुप्पट झालं आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आयात नगण्य उरली होती. पिवळी क्रांती म्हणतात ती हीच. पुढे 1994 पासून पामोलिनची आयात खुली झाली. स्वस्त तेल आलं, ग्राहक सुखावला. लातूर, सोलापूर भागातल्या करडई-सूर्यफुलाच्या शेतकऱ्याचं मात्र कंबरडं मोडलं. सूर्यफुलावर रोगही पडले, पण एकट्या रोगानं एवढं क्षेत्र गेलं नसतं.

सोयाबीन हे तेलाचं पीक नाही

ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशोब मांडला की पटतं. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड. समजण्यापुरते दर धरू: तेल 120 रुपये किलो, पेंड 33 रुपये किलो. तेलाचे झाले 2,160 रुपये आणि पेंडीचे 2,640. म्हणजे कारखान्याची निम्म्याहून जास्त कमाई पेंडीची. पेंड किलोमागं पाच रुपयांनी उतरली तर क्विंटलला 400 रुपये गेले. ते भरून काढायला तेल किलोमागं 22 रुपयांनी चढावं लागेल.

ही पेंड खातात कोंबड्या. अलीकडे मक्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्यांचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, पोल्ट्रीच्या खाद्यात स्वस्तात मिळू लागला. पेंडीची मागणी घटली आणि मार सोयाबीनच्या भावाला बसला. ऑगस्ट 2021 मध्ये काही बाजार समित्यांत दहा हजारांवर गेलेलं सोयाबीन 2024 च्या हंगामात 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकलं गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या तेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं. तेल महागलं, पण शेतकऱ्याच्या हातात भाव आला नाही, कारण अडचण पेंडीत होती. मे 2025 अखेर ते शुल्क पुन्हा 16.5 टक्क्यांवर आणलं. आठ महिन्यांत अशी उलटापालट झाली, तर गाळप कारखाना चालवणारा माणूस नवी यंत्रं घ्यायला धजावत नाही. त्याला दोष कसा द्यायचा?

करडई का गेली

खरिपात सोयाबीन निघालं की त्याच रानात करडई घेता येते. मुळं खोल जातात, पाणी जवळपास लागत नाही. बियांत साधारण 30 टक्के तेल असतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं वाण दिले, फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याचा नारी-6 आणला. हैदराबादेत राजेंद्रनगरला 1977 पासून तेलबिया संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. पूर्वीचं हे संचालनालय आता भारतीय तेलबिया संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. तिचं करडई, सूर्यफूल, एरंडीवर काम चालतं.

वाण असूनही करडई मागं पडली, कारण रब्बीत तिची स्पर्धा हरभऱ्याशी आहे. हरभऱ्याला सरकारी खरेदी आहे, काढणीला काटे नाहीत आणि व्यापारी गावात येऊन माल उचलतो. करडईचा हमीभाव कागदावर चांगला. पण खरेदी केंद्र जवळ नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

तेलंगणानं धरलेली दुसरी वाट

केंद्रानं ऑगस्ट 2021 मध्ये 11,040 कोटींचं ऑइल पाम अभियान मंजूर केलं आणि तेलंगणानं त्यात जोरात उडी घेतली. भद्राद्री कोत्तगुडेममधल्या अश्वारावपेट आणि अप्पारावपेट इथं तेल महासंघाच्या पाम मिल चालू आहेत, आणि लागवड आता नांदेडला खेटून असलेल्या निर्मल जिल्ह्यापर्यंत आली आहे. आकर्षण उघड आहे. चांगल्या बागेतून हेक्टरी तीन-चार टन तेल मिळतं. आपल्या नेहमीच्या तेलबियांतून अर्धा टनही मुश्किलीनं.

देगलूर, बिलोलीकडच्या शेतकऱ्यानं मात्र नुसता हा आकडा पाहून रोपं आणू नयेत. एकरी 57 झाडं बसतात आणि मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं. पीक हातात यायला तीन-चार वर्षं जातात. तोडलेला घड साधारण 24 तासांत मिलमध्ये पोचावा लागतो, नाहीतर तेलाची आम्लता वाढते. म्हणजे मिल जवळ नसेल तर बाग असून उपयोग नाही. तेलंगणात कंपन्यांना भाग वाटून दिलेले असतात. सीमेअलीकडचा घड कोण उचलणार, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

भाताचा कोंडा ही आणखी एक वाट, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. कोंड्यात 15 ते 20 टक्के तेल असतं, त्यासाठी वेगळी जमीनच लागत नाही. तेलंगणात भात उदंड. अडचण एवढीच, की भात सडल्याबरोबर कोंड्यातलं लायपेज तेल खराब करू लागतं, म्हणून तो ताबडतोब तापवून स्थिर करावा लागतो. या तेलातला चिकट गम एन्झाइमनं काढायचं तंत्र हैदराबादच्याच आयआयसीटीनं विकसित केलं. अंबरपेठच्या उत्तरेला उस्मानिया विद्यापीठ ओलांडलं की तार्नाक्याला ही संस्था लागते.

गानुगा, म्हणजे आपला घाणा

हैदराबादेत 'गानुगा नूने'च्या पाट्या वाढल्या आहेत. आपल्याकडं त्यालाच लाकडी घाण्याचं तेल म्हणतात. दाणे कमी तापतात, वास टिकतो, पेंडीत तेल जास्त राहतं. एक किलो शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे 120 रुपये किलो धरले तर कच्चा मालच 300 रुपयांचा. पेंडीचे पैसे वजा केले तरी कोणी 180 रुपयांत 'शुद्ध घाण्याचं' देत असेल, तर त्याला हिशोब विचारावा. घाण्यानं देशाची गरज भागणार नाही, पण तालुक्याच्या गावात दोन-चार घरं त्यावर नीट चालतात.

पाकीट घेतानाही लिटरवर जाऊ नये, वजन वाचावं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. शेजारी ठेवलेलं तसंच दिसणारं पाकीट 800-850 ग्रॅमचं असू शकतं. 'ब्लेंडेड' लिहिलं असेल तर त्यात कोणतं तेल किती टक्के, हे मागच्या बाजूला छापलेलं असतं. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरणाऱ्यांसाठी 1 जुलै 2018 पासून मर्यादा आहे: ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, ते बायोडिझेलकडं द्यायचं.

ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या 10,103 कोटींच्या तेलबिया अभियानाचं लक्ष्य 2030-31 पर्यंत तेलबियांचं उत्पादन 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर नेण्याचं आहे. तेवढं झालं तरी पामसकट देशाची 72 टक्के गरज भागेल, असा सरकारचाच अंदाज आहे. उरलेलं तेल तेव्हाही बंदरावरूनच येईल.