डांबरी पायवाटेची बाजू

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आवारातल्या पायवाटेचा विषय निघाला की एक मत चर्चेशिवायच मंजूर होतं. डांबर नको. पेव्हर ब्लॉक लावा, निधी असेल तर काँक्रीट करा, पण डांबर नको. शाळांच्या विश्वस्तांचं, रुग्णालयांच्या व्यवस्थापनांचं, गावाकडे घर बांधणाऱ्यांचंही हेच मत असतं. मुंबई महापालिकेने रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची मोहीम हाती घेतल्यापासून तर त्यावर सरकारी शिक्काच बसल्यासारखं झालं आहे.

मला हे मत चुकीचं वाटतं. आवारातल्या चालण्याच्या वाटेसाठी डांबर हा चांगला पर्याय आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो सर्वांत चांगला आहे. त्याच्या नावावर जमा झालेले बहुतेक दोष त्याच्या खाली न घातलेल्या थरांचे आणि त्याला न दिलेल्या उताराचे आहेत. ते दोष तसेच ठेवून वरचा माल बदलला, तर नवी वाटही जुन्या वाटेच्याच मार्गाने जाते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो मांडणारी माणसं अनुभवातूनच बोलत असतात. त्यांचा मुख्य आक्षेप पावसाचा आहे: डांबराला पाणी सोसत नाही, दोन पावसाळ्यांत खडी सुटते. दुसरा उन्हाचा: एप्रिल-मेमध्ये ते तापतं आणि मऊ पडतं. तिसरा असा की डांबर मोटारींसाठी आहे, माणसांच्या वाटेला ते योग्य नाही. आणि शेवटचा दुरुस्तीचा: पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतो, काँक्रीट वर्षानुवर्षं बघावं लागत नाही, डांबराला मात्र सतत डागडुजी लागते.

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर इतिहासातच आहे. आधुनिक युरोपात डांबर आधी पदपथांवर आलं, गाड्यांच्या रस्त्यांवर नंतर. १८३० च्या दशकात फ्रान्समधल्या सेसेलच्या खाणीतलं डांबरयुक्त दगडाचं चूर्ण तापवून पॅरिसमधले पदपथ केले गेले. त्याच शहरात गाड्यांचे रस्ते डांबरी व्हायला १८५० चं दशक उजाडावं लागलं. सलग, बिनसांध्याचा, पाय न अडखळणारा पृष्ठभाग हा डांबराचा गुण चालणाऱ्यांसाठीच आधी ओळखला गेला होता.

आता पावसाचा आक्षेप. त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण बाकीचे सगळे आक्षेप त्याच्याच आधाराने उभे आहेत. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहातून पाणी झिरपू नये म्हणून तिथल्या बांधणाऱ्यांनी विटांच्या मागे नैसर्गिक डांबराचा थर दिला होता. ही साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. आजही जगात अनेक जलाशयांना आणि धरणांना डांबरी मिश्रणाचं अस्तर दिलं जातं. जो पदार्थ पाणी अडवण्यासाठी वापरतात, तोच आपल्या आवारात पाण्याने विरघळल्यासारखा का वागतो?

याचं उत्तर मिश्रणातल्या पोकळ्यांमध्ये आहे. खडी, कच आणि डांबर यांचं घट्ट मिश्रण आखताना त्यात हवेच्या पोकळ्या साधारण ३ ते ५ टक्के राहाव्यात असं धरलेलं असतं. रोलर फिरल्यावर प्रत्यक्षात थोड्या जास्त राहतात, तेही चालतं. पण हे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर गेलं की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळते. आत साचलेलं पाणी खडीवरचं डांबर हळूहळू सोडवतं, खालचा थर भिजवून मऊ करतं, आणि वाट उखडते. वरून वाहून गेलेल्या पाण्याने एवढं नुकसान होत नाही. घात करतं ते आत मुरलेलं आणि वर तुंबलेलं पाणी.

पोकळ्या जास्त का राहतात? मिश्रण थंड झाल्यावर दाबलं म्हणून. हॉट मिक्स टाकताना ते १४० अंश सेल्सिअसच्या आसपास असावं लागतं आणि ९०-१०० अंशांच्या खाली जाण्याआधी दाबून संपवावं लागतं. थर जितका पातळ तितका तो लवकर निवतो. रस्त्यावर हे काम पेव्हर यंत्र आणि मोठा रोलर भराभर करतात. आवारातल्या दीड मीटर रुंदीच्या वाटेवर मात्र ट्रक एका कोपऱ्यात रिकामा होतो, माणसं घमेल्याने माल वाहतात, आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत तो निवलेला असतो. मग त्यावर दुरमुस कितीही आपटला तरी खडी हलत नाही. वरून काळी, सपाट दिसणारी ती वाट आतून चाळणीसारखी असते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी कंत्राटदार सांगत नाहीत आणि बरेच अभियंतेही विसरतात. रस्त्यावरचं डांबर पहिली एक-दोन वर्षं गाड्यांच्या चाकांखाली आणखी दबत जातं आणि राहिलेल्या पोकळ्या काही अंशी मिटतात. पायवाटेला ही दुसरी संधी मिळत नाही, कारण माणसाच्या पावलाने डांबर दबत नाही. ते ज्या स्थितीत सोडलं त्याच स्थितीत राहतं, पोकळ्यांतून शिरणाऱ्या हवेने कडक होत जातं आणि ठिसूळ बनतं. म्हणून पायवाटेचं मिश्रण रस्त्यापेक्षा वेगळं हवं: खडी बारीक, १० मिलिमीटरच्या आतली, डांबराचं प्रमाण थोडं जास्त, आणि दाबणी अधिक काळजीपूर्वक. आपल्याकडे मात्र दोन सेंटिमीटरचं मोकळ्या रचनेचं कार्पेट टाकून मोकळे होतात. ते कार्पेट मुळातच सच्छिद्र असतं, त्यावर सीलकोट सक्तीचा असतो. दरपत्रकातला आकडा खाली आणण्यासाठी नेमका सीलकोटच वगळला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दोष डांबराला लागतो.

त्याहून मोठा अपराध जमिनीखाली घडतो. दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट खडी पसरून वर काहीही केलं, तरी ते हलणारच. डांबर तडकतं, काँक्रीटची लादी मधोमध चिरते, पेव्हर ब्लॉक लाटांसारखे वरखाली होतात. उपाय सर्वांना माहीत आहे, फक्त तो वर दिसत नाही म्हणून त्यावर पैसे घालायची तयारी नसते. काळी माती शक्य तितकी खोल काढायची, तिच्या जागी चांगला मुरूम पाणी मारून थराथराने दाबायचा, त्यावर दहा ते पंधरा सेंटिमीटर खडीचा थर दाबून घ्यायचा, त्यावर इमल्शनचा प्राइम कोट मारायचा आणि मग चार सेंटिमीटरचं दाट मिश्रण टाकायचं. कोकणातल्या जांभ्यावर खणावं कमी लागेल, पण तिथे पाऊस कित्येक पटींनी जास्त, म्हणून बाजूची गटारं आणि उतार अधिक चोख हवेत.

उताराचा हिशेब अगदी सोपा आहे. आडवा उतार २ टक्के धरला तर दीड मीटर रुंदीच्या वाटेची एक कड दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटर खाली हवी. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही आणि पाणी थांबत नाही. पण खालची कड बागेच्या वाफ्याला किंवा कर्बच्या दगडाला अडली तर सगळं पाणी तिथेच साठतं. मी पाहिलेल्या उखडलेल्या वाटांपैकी बहुतेक कडेपासून उखडलेल्या होत्या, मधून नव्हे. कडेला आधार नसेल तर डांबर तुटतं, आणि आधार असून त्यात पाणी जायला जागा सोडलेली नसेल तर ते कुजतं.

डांबर आपल्या पावसात टिकतंच नाही, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवावा. १९७० च्या दशकात रेकाँडो या कंपनीने तो केला, दहा वर्षांची हमी दिली आणि त्यानंतर कित्येक दशकं तो खड्ड्यांवाचून राहिला. तो रस्ता डांबरीच होता आणि त्याच्यावर पडणारा पाऊस शेजारच्या रस्त्यांवरही तेवढाच पडत होता. पुण्याचा पाऊस सौम्य, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण त्याच पुण्यातले इतर डांबरी रस्ते दर पावसाळ्यात फुटतात, त्याला मग पाऊस कारण ठरू शकत नाही. महाराष्ट्राला तर एक जादाची अनुकूलता आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, डांबराला ग्रॅनाइट किंवा गारेच्या दगडापेक्षा चांगला धरून ठेवतो. ज्या प्रदेशाला ही खडी आयती मिळाली आहे, त्यानेच डांबराला नाकारावं, याचं मला वाईट वाटतं.

उन्हाच्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. नवं डांबर सूर्यप्रकाशाचा फार थोडा भाग परावर्तित करतं, जवळजवळ सगळा शोषतं. भर दुपारी त्याचं तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. जुनं होत जाईल तसं ते राखाडी पडतं आणि फरक कमी होतो, तरी काँक्रीट त्याहून थंडच राहतं. म्हणून जिथे सावली नाही आणि होण्याची शक्यताही नाही, जिथे अनवाणी चालायचं आहे, देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेसारख्या जागी, तिथे डांबर नको, हे मीही म्हणेन. पण झाडांच्या कडेने जाणारी, सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारण्याची वाट यात बसत नाही. झाड असेल तिथे फक्त बुंध्याभोवतीची किमान मीटरभर माती उघडी ठेवावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आणि तो नियम कोणत्याही फरसबंदीला लागू करण्यासारखा आहे.

मऊ पडण्याचं म्हणाल, तर तो बराचसा डांबराच्या प्रतीचा प्रश्न आहे. व्हीजी-१० प्रतीच्या डांबराचा किमान मृदुबिंदू, म्हणजे मऊ पडण्याचं तापमान, ४० अंश आहे, व्हीजी-३० चा ४७, व्हीजी-४० चा ५०. शिवाय दाट मिश्रणात भार खडीच्या सांगाड्यावर असतो, नुसत्या डांबरावर नसतो. पावलांनी ते दबत नाही. दबतं ते दुचाकीच्या साइड स्टँडखाली, कारण सगळं वजन एका लहान टोकावर येतं. दुचाक्या लावण्याच्या जागी काँक्रीटची पट्टी करावी आणि वाट डांबरी ठेवावी. एकाच आवारात दोन्ही असायला काहीच हरकत नाही.

पेव्हर ब्लॉकची बाजू यात सर्वांत भक्कम आहे. खालून पाण्याची, गटाराची, केबलची लाइन जात असेल आणि ती वारंवार उघडावी लागत असेल, तर ब्लॉकच लावावेत, यावर माझा वाद नाही. पण ब्लॉक वाळूच्या थरावर बसलेले असतात. कडेची बांधणी ढिली पडली की वाळू वाहून जाते आणि एकेक ब्लॉक खचतो. बोटभर उंचीचा फरक तरुण माणसाला दिसत नाही. सत्तरीतल्या आजोबांच्या काठीला, पाय ओढत चालणाऱ्या आजींच्या चपलेला आणि व्हीलचेअरच्या पुढच्या लहान चाकांना तो पुरेसा असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पडणं म्हणजे खुब्याचं हाड आणि महिनोन्महिने अंथरूण. आवारातल्या वाटा मुख्यतः ज्यांच्यासाठी आहेत त्यांचा विचार केला, तर बिनसांध्याचा पृष्ठभाग ही चैन ठरत नाही. काँक्रीटची वाटही चांगली असते, पण तिला सांधे द्यावेच लागतात, पाणी मारून मुरवावं लागतं, पूर्ण ताकद यायला २८ दिवस जातात, आणि लाइनसाठी फोडल्यावर तिला पूर्वीसारखं करणं अवघड असतं. डांबराचा खराब तुकडा चौकोनी कापून, कडांना इमल्शन लावून, गरम माल भरून त्याच दिवशी वाट खुली करता येते. उखडलेलं जुनं डांबरही पुन्हा तापवून वापरता येतं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती विरोधक मांडतच नाहीत. शंभर मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि चार सेंटिमीटर जाड वाटेला सहा घनमीटर, म्हणजे सुमारे चौदा टन माल लागतो. एक-दोन ट्रकांचं काम. एवढ्या कामासाठी चांगला कंत्राटदार येत नाही, आणि येतो तो दुसरीकडचा उरलेला, निवलेला माल घेऊन येतो. यावर उपाय संस्थांच्याच हाती आहे: आवारातला गाडीरस्ता आणि पायवाट एकाच वेळी काढा, शेजारच्या दोन-तीन संस्थांना बरोबर घ्या, लहान कंपन रोलर आणायची अट घाला, आणि काम फेब्रुवारी ते मे या काळातच करा. ट्रक आल्यावर मालात तापमापक घालून पाहायला कोणत्याही पदवीची गरज नाही. निवलेला माल परत पाठवण्याचा हक्क मात्र करारात लिहिलेला हवा.

तेव्हा कार्यकारिणीच्या सभासदांना माझी विनंती आहे. ‘डांबर नको’ असा ठराव लिहिण्याआधी जुन्या वाटेच्या कडेला हातभर खोल खड्डा घ्या आणि खाली मुरूम किती, खडी किती, ते मोजा. पावसात छत्री घेऊन पाणी कुठे थांबतं ते बघा. नव्या निविदेत वरच्या मालाच्या आधी खालच्या थरांची जाडी, उतार आणि पाणी जाण्याची जागा लिहा. तेवढं लिहून झाल्यावरही काँक्रीटच हवं असेल तर खुशाल करा.