भारतातील शालेय सुरक्षा आराखड्याचा इतिहास : दुर्घटना, न्यायनिर्णय आणि देखरेखीचा प्रश्न (१९९३ ते २०२५)

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील शिक्षणाच्या इतिहासात पटनोंदणी, गळती, अभ्यासक्रम आणि शिक्षणाचे माध्यम या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत शाळेचे छप्पर, जिना, स्वयंपाकघर आणि बाहेर पडण्याची वाट या गोष्टी अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिल्या. पालक दररोज काही तासांसाठी आपले मूल शाळेच्या स्वाधीन करतात. या विश्वासाला कायद्याचा आणि लेखी आराखड्याचा आधार केव्हा व कसा मिळाला, हा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात १९९३ ते २०२५ या कालखंडातील निवडक घटना, न्यायालयीन निर्णय आणि शासकीय धोरणे यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. आराखडा तयार करणे आणि त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणे या दोन प्रक्रियांत पडलेले अंतर स्पष्ट करणे, हा या लेखाचा मुख्य उद्देश आहे.

दुर्घटनांचे दशक : १९९३ ते २००४

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरातच गाडली गेली. पहाटेच्या त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या. त्यामुळे पुनर्वसनाची पुढील चर्चा प्रामुख्याने दगडमातीची घरे आणि नवीन गावठाणे यांच्याभोवती फिरली. या भूकंपानंतर महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनास चालना मिळाली, परंतु शाळा हा त्या नियोजनाचा केंद्रबिंदू नव्हता.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली येथे एका शाळेचा वार्षिक समारंभ सुरू असताना मंडपाला आग लागली. कृत्रिम धाग्याच्या कापडाने आच्छादलेला तो मंडप पाहता पाहता पेटला आणि ४४२ जणांचा मृत्यू झाला. मृतांत शाळकरी मुलांची संख्या फार मोठी होती. समारंभ शाळेच्या इमारतीबाहेर, भाड्याच्या जागेत होता. शाळेची जबाबदारी तिच्या कुंपणापाशी संपते काय, हा प्रश्न या घटनेने प्रथमच तीव्रतेने पुढे आणला.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला. प्रजासत्ताक दिन असल्याने अनेक विद्यार्थी वर्गाबाहेर होते व त्यामुळे बचावले. अंजार शहरात मात्र अरुंद गल्लीतून निघालेल्या प्रभातफेरीवर दोन्ही बाजूंची घरे कोसळली आणि शेकडो मुले व शिक्षक ढिगाऱ्याखाली सापडले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नोंदीनुसार या भूकंपात ९७१ विद्यार्थी व ३१ शिक्षक मृत्युमुखी पडले. सुट्टीच्या दिवशी ही स्थिती होती. तो नेहमीचा कामकाजाचा दिवस असता तर काय झाले असते, या विचारातून पुढील काळात शाळांच्या भूकंपरोधक बांधकामाचा आणि सरावाचा आग्रह वाढला.

कुंभकोणम : एका दुर्घटनेचे विश्लेषण

या कालखंडातील निर्णायक घटना १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील तंजावूर जिल्ह्यात कुंभकोणम येथे घडली. एकाच आवारात एकाहून अधिक शाळा दाटीवाटीने भरत होत्या. मध्यान्ह भोजनासाठी पेटविलेल्या चुलीची ठिणगी गवती छपराला लागली आणि ती आग वरच्या मजल्यावरील वर्गांच्या शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली. जळते छप्पर मुलांच्या अंगावर कोसळले आणि खाली उतरण्याच्या अरुंद वाटेवर कोंडी झाली. प्राथमिक वर्गातील ९४ बालकांचा बळी गेला.

या आगीमागील कारणे अलग करून पाहिल्यास त्यांपैकी एकही अज्ञात नव्हते, असे दिसून येते. गवती छप्पर ज्वालाग्राही असते, चूल वर्गापासून दूर हवी, मुले जितकी अधिक तितक्या बाहेर पडण्याच्या वाटा अधिक हव्यात, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेला ज्ञात होते. ही संहिता १९७० पासून अस्तित्वात आहे. तरीही शाळेला मान्यता मिळाली होती, याचा अर्थ नियम आणि मान्यता यांच्यामधील दुवा निखळलेला होता. तंजावूर येथील न्यायालयाने ३० जुलै २०१४ रोजी दहा जणांना दोषी ठरविले व अकरा जणांची मुक्तता केली. पुढे २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने या निकालात मोठे बदल केले. दहा वर्षांनंतर लागलेल्या आणि पुन्हा बदललेल्या या निकालाने एक गोष्ट अधोरेखित केली. मान्यता देणे, इमारत तपासणे आणि शाळा चालविणे ही कामे जेथे वेगवेगळ्या हातांत असतात, तेथे दोष निश्चित करणे अत्यंत कठीण होते.

कायदा आणि न्यायनिर्णय : २००५ ते २०१०

आपत्ती व्यवस्थापन अधिनियमास २३ डिसेंबर २००५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. डबवालीच्या आगीला त्याच दिवशी दहा वर्षे पूर्ण होत होती, हा केवळ योगायोग होय. या अधिनियमाने राष्ट्र, राज्य व जिल्हा या तीन स्तरांवर प्राधिकरणे स्थापन केली आणि आपत्तीनंतरच्या मदतीकडून आपत्तीपूर्व नियोजनाकडे शासनाचे लक्ष वळविले. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम डिसेंबर २००८ पासून अमलात आला. इमारतीतील अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करण्याचे बंधन त्याने मालक वा भोगवटादारावर घातले.

कुंभकोणमच्या घटनेनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर, अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. न्या. दलवीर भंडारी व न्या. लोकेश्वर सिंग पांटा यांच्या खंडपीठाने शिक्षणाच्या मूलभूत अधिकारात सुरक्षित शाळेचा अधिकार अंतर्भूत आहे, असे स्पष्ट केले. मान्यता देण्यापूर्वी इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार सुरक्षित असल्याची खात्री करावी, शाळांत सहा महिन्यांत अग्निशमन साधने बसवावीत, शिक्षक व कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि तपासणी अधिकाऱ्यांनी आपले कर्तव्य काटेकोरपणे पार पाडावे, असे निर्देश देण्यात आले. शालेय सुरक्षा हा शासनाच्या सदिच्छेचा विषय राहिला नाही, तो नागरिकांचा हक्क बनला, हे या निकालाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

याच वर्षी संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम मात्र या बाबतीत मितभाषी राहिला. त्याच्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, स्वयंपाकगृह, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी व संरक्षक भिंत यांचा उल्लेख आहे. अग्निसुरक्षा किंवा आपत्कालीन आराखडा यांना तेथे स्वतंत्र स्थान मिळाले नाही. तथापि, तीन चतुर्थांश सदस्य पालक असलेली शाळा व्यवस्थापन समिती ही देखरेखीसाठी उपयुक्त अशी नवी रचना या अधिनियमाने दिली.

आराखड्यांचा काळ : २०११ ते २०२५

२०११ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय शाळा सुरक्षा कार्यक्रम मंजूर केला. भूकंपप्रवण क्षेत्रांतील २२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांमधील ४३ जिल्ह्यांत, प्रत्येकी २०० याप्रमाणे ८,६०० शाळा त्यासाठी निवडण्यात आल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळा सुरक्षा धोरणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्रत्येक शाळेने स्वतःच्या परिसरातील धोक्यांची पाहणी करून आराखडा करावा, नियमित सराव घ्यावा आणि तो अद्ययावत ठेवावा, ही तिची मुख्य भूमिका होती.

दरम्यान, सुरक्षेची कल्पना इमारतीपलीकडे विस्तारत गेली. १६ जुलै २०१३ रोजी, म्हणजे कुंभकोणमनंतर बरोबर नऊ वर्षांनी, बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथे मध्यान्ह भोजनात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ मुलांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळा व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणाऱ्या मार्गदर्शक सूचना जारी केल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. त्यानंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी शाळांना आदेश दिले. मुंबई उच्च न्यायालयानेही या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील शासकीय शाळेचा भाग कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सर्व राज्यांना शाळांच्या सुरक्षा तपासणीचे निर्देश दिले. सुरक्षित इमारतीची खातरजमा करण्याचे बंधन मात्र २००९ च्या निकालानेच घातले होते. सोळा वर्षांनंतर तोच आदेश नव्याने द्यावा लागला, यातच या इतिहासाचे मर्म आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, शालेय सुरक्षेचे बहुतेक नियम दुर्घटनेच्या पाठोपाठ आले आहेत, त्यामुळे प्रत्येक आराखड्यावर मागील आपत्तीची छाया दिसते. आगीनंतर अग्निशामक, भूकंपानंतर सराव आणि अत्याचारानंतर कॅमेरे, असा हा क्रम आहे. दुसरा असा की, गेल्या तीन दशकांत नियमांची उणीव हळूहळू भरून निघाली, परंतु देखरेखीची उणीव कायम राहिली. शिक्षण विभाग, बांधकाम विभाग, अग्निशमन दल आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यात विभागलेली जबाबदारी संकटाच्या वेळी कोणाचीच उरत नाही. तिसरा असा की, प्रमाणपत्र हे तपासणीचे फलित असावयास हवे. प्रत्यक्षात अनेकदा तेच तपासणीची जागा घेते.

म्हणूनच शाळेचा आराखडा हा मुख्याध्यापकांच्या कपाटातील दस्तऐवज राहता कामा नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत त्याचे वाचन व्हावे, पावसाळ्यापूर्वी छप्पर व भिंतींची पाहणी व्हावी, सरावाची तारीख व त्रुटी यांची नोंद पालकांना पाहावयास मिळावी आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व पद अहवालात नोंदविले जावे. या उपायांना फारसा खर्च लागत नाही. सातत्य मात्र लागते. कुंभकोणमच्या मुलांना जे लाभले नाही, ते म्हणजे ठिणगी पडण्यापूर्वी छपराकडे पाहणारा जबाबदार डोळा होय. तो प्रत्येक शाळेला मिळवून देणे, हीच या इतिहासाने शासन व समाजावर सोपविलेली जबाबदारी आहे.