ऱ्होन नदीत टाकलेली राख

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत दिवाळीसारखा उजेड असतो. कबरींवर झेंडूची फुले, मेणबत्त्यांच्या रांगा, उदबत्तीचा वास. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडीत वाटावाटांतून फिरतात आणि त्यांच्यामागे जपमाळेचा गुणगुणता स्वर चालत राहतो. २०२१ साली त्या संध्याकाळी माझी मावशी इतरांपासून थोडी दूर, एका लहानशा चौकोनी दगडापुढे उभी होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये महामारीत काका गेले. त्या दिवसांत दफनाची सोय होऊ शकली नाही. विद्युतदाहिनीत दहन झाले आणि धर्मगुरूंच्या संमतीने राखेचा कलश या दगडाखाली पुरण्यात आला. सर्व काही रीतीप्रमाणे झाले होते. तरीही मावशीने मला जवळ बोलावून हळूच विचारले, "बाळा, तू पुस्तके वाचतोस म्हणून विचारते. शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारील, तेव्हा बाकीचे सगळे उठतील. ह्यांच्याकडे उठायला काय उरले आहे?"

मी काहीतरी समजुतीचे बोललो. ते तिला पटले नाही आणि मलाही पटले नाही. त्यानंतरच्या काळात या प्रश्नाचा मागोवा घेताना लक्षात आले की मावशी एकटी नव्हती. हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे.

संत पौलाने थेस्सलनीका येथील श्रद्धावंतांना साधारणपणे इसवी सन ५० किंवा ५१ मध्ये पत्र लिहिले. नव्या करारातील सर्वांत जुने लिखाण म्हणून बहुतेक अभ्यासक याच पत्राकडे बोट दाखवितात. त्या पत्रात काय आहे? प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहत असताना आपल्यातील काही जण मरण पावले, त्यांचे आता काय होणार, या चिंतेने गांजलेल्या माणसांचे सांत्वन. म्हणजे ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ ज्या प्रश्नांशी झाला, त्यांत आपल्या मृतांचा प्रश्न होता. पुढे काही वर्षांनी करिंथकरांनी विचारले, की मेलेले कोणत्या शरीराने उठतील? पौलाने त्यांना शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर दिले. पेरतो तो दाणा; उगवते ते निराळेच, पण त्याच दाण्याचे. आपल्या भातशेती करणाऱ्या पूर्वजांना ही उपमा कोणी समजावून सांगावी लागली नसती.

अथेन्समधील विद्वानांनी मात्र पुनरुत्थानाचे नाव काढताच पौलाची थट्टा केली. आत्मा अमर आहे, हे त्यांतील अनेकांना मान्य झाले असते. त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हते ते शरीर. आपणही पुष्कळदा 'आत्म्याला शांती लाभो' एवढ्यावर थांबतो आणि प्रेषितांच्या विश्वासांगीकारात दर रविवारी 'शरीराचे पुनरुत्थान' असे स्पष्ट म्हणतो, हे विसरून जातो.

मावशीच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारी घटना घडली ती इसवी सन १७७ मध्ये, आजच्या फ्रान्समधील ल्यों शहरात. तेव्हा त्याचे नाव लुग्दुनुम. रोमवर मार्कुस ऑरेलियस या तत्त्वज्ञ सम्राटाचे राज्य होते. ल्यों आणि जवळच्या व्हिएन्न येथील ख्रिस्तसभांनी आशिया आणि फ्रुगिया प्रांतांतील बांधवांना जे सविस्तर पत्र पाठविले, ते इतिहासकार युसेबियसने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात जपून ठेवल्यामुळे ही हकिगत आपल्या हाती आली. इतक्या जुन्या काळातील, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी लिहिलेले असे लिखाण फार थोडे शिल्लक आहे.

आरंभी ख्रिस्ती लोकांना सार्वजनिक स्नानगृहांत आणि बाजारात येण्यास बंदी झाली. मग जमाव धावून आला, मग धरपकड. ख्रिस्ती घरांतील काही गुलामांनी छळाच्या भीतीने खोटी साक्ष दिली, की हे लोक बालकांचे मांस खातात. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनुस यांना श्वास घेणेही कठीण झाले होते. त्यांना ओढीत नेऊन मारहाण करण्यात आली आणि दोन दिवसांनी तुरुंगात त्यांनी प्राण सोडला. सांक्तुस नावाच्या उपदेशकाला, म्हणजे डीकनला, नाव विचारले, गाव विचारले, गुलाम की स्वतंत्र ते विचारले. प्रत्येक प्रश्नाला त्याने 'मी ख्रिस्ती आहे' एवढेच उत्तर दिले. बिब्लिस नावाची एक स्त्री आधी भीतीने श्रद्धा नाकारून बसली होती. तिच्याकडून आणखी खोटे वदवून घेण्यासाठी छळ केला, तेव्हा ती जणू झोपेतून जागी झाली. जे लोक जनावराचे रक्तसुद्धा वर्ज्य मानतात ते मुले कशी खातील, असा उलट प्रश्न करून तीही रक्तसाक्ष्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला या साऱ्या कथेत बिब्लिस फार जवळची वाटते.

आणि ब्लांदिना. ती एक गुलाम मुलगी होती, देहाने इतकी नाजूक, की ती टिकेल की नाही याची तिच्या मालकिणीलाच धास्ती. ती मालकीणही बंदिवानांत होती. छळ करणारे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने थकले, ब्लांदिना थकली नाही. तिला खांबाला बांधून श्वापदांपुढे ठेवले, तर श्वापदांनी तिला स्पर्श केला नाही. शेवटच्या दिवशी पंधरा वर्षांच्या पोंतिकुस नावाच्या मुलाला धीर देऊन तिने पुढे पाठविले आणि मग जाळ्यात गुंडाळून तिला उधळलेल्या बैलापुढे टाकण्यात आले.

एवढ्यावर छळ संपला नाही. मृतदेह सहा दिवस उघड्यावर ठेवण्यात आले. रात्रंदिवस सैनिकांचा पहारा बसविला, कोणी रात्रीच्या अंधारात देह नेऊ नये म्हणून. श्रद्धावंतांनी विनवण्या केल्या, पैसे देऊ केले. उपयोग झाला नाही. मग सारे देह जाळण्यात आले आणि ती राख शेजारून वाहणाऱ्या ऱ्होन नदीत लोटून देण्यात आली. कारणही त्या पत्रात नोंदलेले आहे. हे लोक पुनरुत्थानाच्या भरवशावर मृत्यूला हसत सामोरे जातात. तेव्हा त्यांचे काहीच शिल्लक ठेवू नये, मग पाहू त्यांचा देव त्यांना कसा उठवितो, असा छळ करणाऱ्यांचा हिशेब होता.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. मावशीने दबक्या आवाजात विचारलेला प्रश्न ल्योंच्या अधिकाऱ्यांनी अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी गर्जून विचारला होता. पत्र लिहिणाऱ्यांनी त्यावर काय केले? आपल्या बांधवांना मातीत ठेवता आले नाही याचे मोठे दुःख झाले, हे त्यांनी लपविले नाही. पण राख वाहून गेली म्हणून रक्तसाक्ष्यांचे भवितव्य बुडाले, असे त्यांच्या मनातही आले नाही. दुःख आणि आशा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. मी मावशीला समजावताना नेमकी हीच चूक केली होती. तिचे दुःख म्हणजे श्रद्धेची कमतरता आहे, असे समजून मी बोललो होतो.

पोथिनुस यांच्या जागी बिशप झाले ते संत आयरेनियस. स्मुर्णा येथे लहानपणी त्यांनी संत पॉलिकार्प यांची प्रवचने ऐकली होती. छळाच्या काळात ल्योंच्या बंदिवानांचे पत्र घेऊन ते पोप एलेउथेरियस यांच्याकडे रोमला गेले होते. परतल्यावर त्यांच्यापुढे आणखी एक विरोधक उभा राहिला. ज्ञानवादी पंथाचे लोक शिकवीत होते, की शरीर हा आत्म्याचा तुरुंग आहे, त्याला तारण नाही. आयरेनियस यांनी पाखंडांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या पाचव्या भागात शरीराच्या पुनरुत्थानाची बाजू मांडली. ज्याने काहीच नसताना मातीतून माणूस घडविला, त्याला विखुरलेल्या मातीतून तो पुन्हा घडविणे अवघड कसे? आणि जे शरीर ख्रिस्तशरीराने पोसले जाते, त्याला शाश्वत जीवनाची पात्रता नाही असे कोण म्हणेल? माझ्या मते राख नदीत लोटणारे आणि शरीर तुच्छ मानणारे हे दोघे एकमेकांना ओळखत नसले तरी एकाच पक्षाचे होते. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी आयरेनियस यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले.

याच सुमाराचा लॅटिन लेखक मिनुसियुस फेलिक्स याच्या संवादात एक मूर्तिपूजक ख्रिस्ती माणसाला टोमणा मारतो, की तुम्ही चितेला भिता. ख्रिस्ती उत्तर देतो, की देह धूळ होवो, पाणी होवो, राख होवो वा धूर होवो, तो आपल्या नजरेआड होतो, देवाच्या नव्हे. आम्ही पुरतो ते राखेच्या भीतीने नव्हे. ती जुनी आणि अधिक चांगली रीत आहे म्हणून.

ती रीत रोमच्या भुयारी दफनभूमींत आजही पाहता येते. शहराच्या वेशीबाहेरच दफन करावे असा रोमन कायदा होता, म्हणून मोठ्या रस्त्यांच्या कडेला, मऊ ज्वालामुखीजन्य खडकात हे बोगदे खोदले गेले. कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी पसरविलेली समजूत काही असो, ही लपून राहण्याची ठिकाणे नव्हती, मृतांची होती. इसवी सन १९९च्या सुमारास डीकन कॅलिस्तुस यांच्याकडे अशा एका दफनभूमीची व्यवस्था सोपविण्यात आली. पुढे ते पोप झाले. १८५४ साली दे रोस्सी या संशोधकाला तेथेच तिसऱ्या शतकातील पोपांचे दफनघर सापडले. भिंतींवर माशाच्या पोटातून बाहेर आलेला योना आहे, कबरीतून हाक मारून उठविलेला लाझरस आहे. त्या काळच्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थ निजण्याची जागा. आपण सिमेट्री म्हणतो ते त्याच शब्दाचे दूरचे नातवंड. दफनासाठी त्यांच्या कबरीलेखांत येणाऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे ठेवणे, सोपविणे. मराठीत ठेव म्हणावी, अगदी तसे.

रोम ४१० साली लुटले गेले तेव्हा असंख्य ख्रिस्ती मृतदेह दफनावाचून पडून राहिले. त्या प्रसंगानंतर संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' लिहावयास घेतले आणि पहिल्याच भागात सांगितले, की अंत्यविधीचा थाट मृतांच्या मदतीपेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी अधिक असतो. लगेच त्यांनी हेही जोडले, की म्हणून मृतदेहांची हेळसांड करू नये. पित्याची अंगठी जपून ठेवतो, मग त्याचा देह का नाही? शेवटच्या भागात मात्र त्यांनी केस, नखे, बालपणी मेलेल्यांचे वय अशा शंकांनाही उत्तरे दिली आहेत. नंतरच्या विद्वानांनी गौरवी शरीराची चार लक्षणे ठरविली: दुःखातीतता, तेज, चपळता आणि सूक्ष्मता. आमच्या आजोबांच्या पिढीला ती धर्मशिक्षणात तोंडपाठ असत.

मधली शतके भरभर ओलांडू. शार्लमेनने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅक्सन लोकांना दहनासाठी देहदंड लावला. श्रद्धेपेक्षा राज्यविस्ताराशी त्या कायद्याचे नाते अधिक जवळचे होते. सतराव्या शतकात ल्योंचीच गोष्ट जपानमध्ये घडली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जेथे १५९७ साली क्रुसावर चढले, त्याच नागासाकीत १६२२च्या सप्टेंबरमध्ये पंचावन्न ख्रिस्ती मारले गेले आणि त्यांचे अवशेष कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांची राख समुद्रात टाकण्यात आली.

एकोणिसाव्या शतकात इटलीमध्ये दहनाची चळवळ उभी राहिली. १८७६ साली मिलान येथे दहनगृह सुरू झाले. तिच्या पुरस्कर्त्यांत ख्रिस्तसभेचे कडवे विरोधक होते आणि पुनरुत्थान नाकारण्याची खूण म्हणून काही जण दहन निवडीत. १८८६ साली रोमने दहनास मनाई केली ती या पार्श्वभूमीवर. मनाई होती ती त्या नकाराला. अग्नीने देवाचे हात बांधले जातात, असे रोमने कधीच म्हटले नव्हते. नकाराचा तो अर्थ उरला नाही तेव्हा, १९६३ साली, मनाई उठली आणि १९८३च्या धर्मविधिसंहितेने दफनाची मनापासून शिफारस करून दहनास परवानगी कायम ठेवली. २०१६ सालच्या सूचनेने राख घरात ठेवू नये, उधळू नये, पवित्र जागी ठेवावी असे सांगितले. डिसेंबर २०२३च्या टिपणीने त्यात थोडी सवलत दिली.

मुंबईत ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने, करोनाने मृत झालेल्या सर्वांचे दहनच करावे, असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. मे महिन्यात उच्च न्यायालयाने दफनाच्या बाजूने निर्णय दिला. तरीही जागेची टंचाई, मनुष्यबळाचा अभाव आणि भीती यांमुळे पुष्कळ कॅथलिक कुटुंबांनी दहन पत्करले. त्या घरांत मावशीसारखे प्रश्न अजून दबून राहिले असतील.

ब्लांदिनाची गोष्ट मी मावशीला सांगितली ती पुढच्या उपवासकाळात, तिच्या ओटीवर बसून. ती सगळी ऐकत होती, मध्ये काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "त्या पोरीची राख समुद्रापर्यंत गेली असेल, नाही रे? ह्यांची निदान माझ्या ओळखीच्या जागी आहे."

२०२४च्या पावसाळ्यात मावशी गेली. आमच्याकडे आता काही धर्मग्रामांत शवपेटी न वापरता पांढऱ्या सुती कापडात दफन करतात. तिने तसेच सांगून ठेवले होते. तिला त्या चौकोनी दगडाशेजारीच ठेवले. दोन नोव्हेंबरला दगड धुताना पाहिले, मुलांनी काकांच्या नावाखाली तिचे नाव कोरून घेतले होते.